माशांच्या दोन फुटी टाकीवरचा एलईडी दिवा: पावसाळा आणि हिवाळा काढल्यानंतर

दिवा चांगला आहे, पाय भिकार आहेत. कुणी घाईत विचारलं तर माझं उत्तर एवढंच असतं. खोक्यावर वॅट छापलेले असतात, केल्व्हिन (उजेडाच्या छटेचं माप) छापलेले असतात, लाल-निळ्या-पांढऱ्या चिपांचा फोटो असतो. तो दिवा टाकीवर उभा कसा राहणार, याचं मात्र कोपऱ्यात एक बारीकसं चित्र असतं. त्या चित्रातल्यासारखी गुळगुळीत, उघड्या कडांची टाकी आपल्याकडे फार थोड्यांच्या घरी असते.

माझी टाकी डोंबिवलीत स्टेशनजवळच्या दुकानात बनवून घेतलेली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, ५ मिमी काच. हिशेबाने ५६ लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी पंचेचाळीस लिटरच्या आसपास. आत झेब्रा दानिओ, चेरी बार्ब हे मासे आणि न बोलावता आलेल्या गोगलगायी. झाडं सोपी: अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन, मागच्या बाजूला व्हॅलिसनेरिया आणि एक रोटालाची जुडी. दिवा १८ वॅटचा, अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ बॉडीचा, जवळपास टाकीइतकाच लांब, १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारा. नाव लिहीत नाही, कारण अगदी याच घाटाचा दिवा बाजारात वेगवेगळ्या नावांनी मिळतो.

आता पायांचं. आपल्याकडचे टाकी बनवणारे लांब बाजूंना, वरच्या कडेच्या थोडं खाली, आतून दीड-दोन इंच रुंदीची काचेची पट्टी चिकटवतात. पाण्याच्या दाबाने मोठी काच मधोमध बाहेर फुगू नये म्हणून ती असते, आणि झाकणाची काचही तिच्यावरच टेकते. पट्टी कामाची आहे, पण चिमट्याने काचेला धरणारे दिवे तिच्यामुळे लांब बाजूला लागतच नाहीत. चिमट्याचा आतला जबडा पट्टीवर आपटतो आणि स्क्रू नीट बसत नाही. जिथे बसतो तिथेही धातूच्या स्क्रूचं टोक थेट ५ मिमी काचेवर दाबलेलं मला बघवत नाही. चिमट्याचाच दिवा घ्यायचा असेल, तर स्क्रूच्या टोकाला रबराची टोपी आहे का ते बघा आणि काचेच्या पट्टीच्या वर किती मोकळी काच उरते ते फूटपट्टीने मोजून मगच पैसे द्या.

माझ्या दिव्याला चिमटे नव्हते, सरकणाऱ्या तारेचे पाय होते. दिव्याच्या दोन्ही टोकांना दोन-दोन भोकं, त्यांत आत-बाहेर सरकणाऱ्या तारा आणि तारेच्या टोकाला आकडा. हा आकडा टाकीच्या आखूड बाजूच्या काचेवर अडकवायचा. कल्पना बरी आहे, कारण वेगवेगळ्या लांबीच्या टाक्यांना तोच दिवा चालतो. पण तारा भोकांत सैल असतात. खाणं घालताना झाकण उचललं, कोपर जरा लागलं, की एका बाजूची तार सरकते आणि दिवा तिरका होऊन पाण्याकडे झुकतो. शिवाय या पायांवर दिवा झाकणापासून जेमतेम दोन बोटं वर राहतो, आणि झाकण काढायचं तर आधी दिवा उचलावा लागतो. रोज दोनदा.

झाकणच काढून टाका, असा सल्ला मला दुकानातच मिळाला होता. दानिओ पाळणाऱ्याने तो ऐकू नये. हा मासा वरच्या थरात राहणारा, चपळ आणि उड्या मारणारा. अंधारात दिवा अचानक लागला की तर हमखास उसळतो. झाकण राहणारच, हे गृहीत धरून दिव्याची सोय करायला हवी होती.

ती शेवटी झाली स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याच्या दुकानात. त्याच्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या अँगलचे तुकडे पडलेलेच असतात. टाकीच्या रुंदीपेक्षा किंचित लांब असे दोन तुकडे कापून घेतले, प्रत्येकावर दोन-दोन सहा इंची उभे तुकडे रिव्हेट मारून घेतले आणि उभ्यांना अर्ध्या-अर्ध्या इंचावर भोकं पाडून घेतली. आडवे तुकडे टाकीच्या पुढच्या आणि मागच्या काचेच्या कडेवर टेकतात. खाली काचेला लागू नये म्हणून खिडकीचंच रबर लावलंय. झाकण पट्टीवर, म्हणजे कडेच्या खाली असल्यामुळे या पुलाखालून ते मोकळं सरकतं. दिव्याच्या तारेचे आकडे पक्कडीने कापून टाकले आणि उरलेल्या सरळ दांड्या उभ्यांच्या भोकांत घातल्या. उंची बदलायची तर भोक बदलायचं. ‘साहेब, माशांच्या टाकीला खिडकी बसवताय काय?’ असं म्हणत त्याने अडीचशे रुपयांच्या आत सगळं करून दिलं, आणि दिवा खऱ्या अर्थाने कामाला लागला तो तेव्हापासून.

कारण उंची हाच या सगळ्यातला कळीचा भाग आहे. १८ वॅटच्या अशा दिव्याचा उजेड दीड-एक हजार ल्युमेनच्या घरात धरला, तर माझ्या पाण्याला लिटरमागे तीस-पस्तीस ल्युमेन पडतात. सोप्या, सावकाश वाढणाऱ्या झाडांना लिटरमागे पंधरा-वीस पुरतात असा ढोबळ हिशेब शौकीन लोक लावतात. त्यात ल्युमेन हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे, हिरव्या-पिवळ्या उजेडाला जास्त वजन देणारं. झाडं लाल आणि निळाही भरपूर वापरतात, त्यामुळे तो हिशेब सोनाराच्या काट्याने करू नये. पण दिशा कळते: झाडांच्या वाढीसाठी कार्बन डायऑक्साइडची नळी न सोडलेल्या, अनुबियास लावलेल्या टाकीत हा दिवा झाकणाला चिकटवून ठेवला, तर उजेड झाडांच्या भुकेपेक्षा जास्त होतो. उरलेला उजेड शेवाळ खातं.

तसंच झालं. अनुबियासचं पान महिनोन्‌महिने टिकतं, म्हणून त्याच्यावर हिरवे ठिपके बसायलाही भरपूर वेळ मिळतो. काचेवर तेच ठिपके, बोटाने न निघणारे, ब्लेडने खरवडावे लागणारे. दिवा पाच इंच वर नेला, दिवसाचे तास कमी केले, तेव्हा पुढच्या काही आठवड्यांत नवी पानं स्वच्छ येऊ लागली. जुनी ठिपकेवाली कापून टाकली, ती काही सुधारत नाहीत. क्रिप्टोकोरीनने मात्र उजेड बदलल्याचा राग धरला आणि अर्धी पानं विरघळवून टाकली. या झाडाची ही खोडच आहे. परिस्थिती बदलली की पानं सोडतं आणि मुळांतून पुन्हा फुटतं, तेव्हा उपटून फेकू नका. रोटालाचं नुकसान झालं हे कबूल. दिवा खाली होता तेव्हा तिचे शेंडे गुलाबी व्हायचे, आता हिरवेच राहतात. दोन्ही हवं तर अनुबियास दगडाच्या सावलीत बांधायचा, तेही केलं आणि बरं चाललंय.

उंच दिव्याचा एक तोटा कुणी सांगत नाही. दिवा झाकणाजवळ असताना सगळा उजेड टाकीत जातो. पाच इंच वर गेला की कडेच्या चिपा थेट सोफ्यावर बसणाऱ्याच्या डोळ्यांत येतात. आईने दोन दिवस सहन केलं, तिसऱ्या दिवशी मालिकेच्या वेळेला दिव्यावर टॉवेल टाकला. अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीवाटेच एलईडीची उष्णता बाहेर पडते, त्यामुळे वरून झाकणं हा तो दिवा लवकर मारण्याचा खात्रीचा उपाय आहे. पुढच्या बाजूला दोन इंचांची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आडवी लावली आणि घरात शांतता झाली.

वेळेचं गणित वीज जाण्याशी बांधलेलं आहे. माझ्याकडे आधी गोल तबकडीचा टायमर होता, २४ तासांच्या ९६ खुंट्या, एक खुंटी म्हणजे पंधरा मिनिटं. स्वस्त आणि दणकट. पण त्याची तबकडी विजेवरच फिरते. दुपारी तीन तास वीज गेली की तोही तीन तास मागे पडतो, आणि दोन-चार वेळा असं झालं की दिवा रात्री एकपर्यंत जळत राहतो. पावसाळ्यात हे फार झालं. सध्या वाय-फायचा प्लग आहे, वीज आली की स्वतःच घड्याळ जुळवून घेतो. आतल्या बॅटरीवर वेळ धरून ठेवणारा डिजिटल टायमरही चालेल.

पण प्लग घेण्याआधी दिव्याचं बटण तपासा. स्पर्शाने चालणारं बटण असलेले बरेच दिवे वीज गेल्यावर आपली आधीची स्थिती विसरतात. वीज परत येते, प्लग चालू होतो आणि दिवा बोटाची वाट बघत बसतो. अशा दिव्याला कोणताही टायमर उपयोगाचा नाही. दुकानात तपासायला दहा सेकंद लागतात: दिवा लावा, पिन उपसा, परत घाला, आपोआप लागला तर घ्या. माझा लागतो, पण दर वेळी पांढऱ्या अधिक निळ्यावर येतो. मला तो निळसर रंग आवडत नाही, चालवून घेतो.

आता दिवा दुपारी दोन ते रात्री नऊ. घरी माणसं असतात त्या वेळेत टाकी उजळलेली असावी एवढाच त्यामागे विचार. सकाळी लावला असता तरी झाडांना फरक पडला नसता. डिसेंबरात मात्र पुन्हा हिरवे ठिपके वाढले आणि दिव्यावर शंका यायला लागली. कारण निघालं दक्षिणेकडची खिडकी. हिवाळ्यात सूर्य आकाशात खाली असतो, ऊन तिरपं येऊन खोलीत आतपर्यंत पोचतं, आणि उन्हाळ्यात कधी न दिसणारा उन्हाचा पट्टा दोन तास टाकीच्या कडेवर पडत होता. त्या बाजूला काळा कागद लावला.

‘वॉटरप्रूफ’ हा शब्द खोक्यावर मोठ्या अक्षरांत आहे, त्याला अर्थ नाही. आयपी आकडा, म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा, बघा. ६५ म्हणजे पाण्याचे फवारे सोसेल, ६७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडला तरी चालेल. टाकीवर ६७ असावा, कारण कधी ना कधी दिवा ओला होणारच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दिव्यापर्यंत १२ व्होल्टच यावेत. बॉडीत थेट २३० व्होल्ट नेणारे दिवेही मिळतात, ते मी फुकट दिले तरी घरात आणणार नाही. वायर सॉकेटमध्ये जाण्याआधी सॉकेटच्या खालपर्यंत सैल झोळ ठेवून वर न्यायची, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, बोर्डात जात नाही. घरात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे, तरी पाण्यात हात घालताना पिन काढतो.

पावसाळ्याने दोन गोष्टी उघड केल्या. खोक्यात आलेले स्क्रू गंजले. रिव्हेटचा पूल आणि दिव्याची बॉडी जशीच्या तशी आहे. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घातले. दुसरं, झाकणाच्या आतून बसणारी वाफ आणि शिंतोडे. आमच्या सोसायटीत टँकरचं जड, क्षारांचं पाणी येतं त्या आठवड्यांत झाकणावर पांढरा थर बसतो, आणि तो दिसतो त्यापेक्षा जास्त उजेड अडवतो. पांढऱ्या व्हिनेगरने निघतो, झाकण बाहेर काढून पुसायचं आणि साध्या पाण्याने धुवायचं. दिव्याच्या पुढच्या पारदर्शक पट्टीला मात्र ओलं फडकंच, घासणी नको.

गेल्या महिन्यात डाव्या टोकाच्या तीन चिपा एकदम विझल्या. पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात, म्हणून १२ व्होल्टच्या दिव्यात त्या तीन-तीनच्या माळेत जोडतात आणि सोबत एक रेझिस्टर असतो. माळेतली एक गेली की तिन्ही जातात. बाकीच्या माळा वेगळ्या, त्या चालू आहेत. विकणाऱ्याने व्हिडिओ मागितला, मग पावती मागितली, मग उत्तर देणं थांबवलं. झाडांना फरक दिसत नाही, कारण त्या टोकाला दगड आहे.

विजेचा खर्च नगण्य: १८ वॅट, सात तास, महिन्याला पावणेचार युनिट. त्याच टाकीचा फिल्टर चोवीस तास चालतो, त्याचं बिल कुणी विचारत नाही.

टाकी दीड फुटाची असेल तर १८ वॅट घेऊ नका, दहा-बाराचा बस आहे. गप्पी आणि प्लास्टिकची झाडं असतील तर कोणताही पांढरा दिवा चालेल, हे सगळं वाचायचीही गरज नव्हती. छतातून तारेने टांगायचा विचार असेल तर भाड्याच्या घरात मालकाला आधी विचारा. स्लॅबला भोक पाडायचं झालं की बरेच मालक माशांच्या विरोधात जातात. आणि सोबत आलेला दीड अँपियरचा अडॅप्टर १८ वॅटला काठोकाठ आहे, हात ठेववत नाही इतका तापतो. मी दोन अँपियरचा घेतला, तो कोमट राहतो. जुना खणात ठेवलाय, नवा बिघडलाच तर एखाद दिवस काढायला.