टिप मागणारी स्क्रीन: सात महिने वापरून झाल्यावर

ही काही मी विकत घेतलेली वस्तू नाहीये, तरी रिव्ह्यू लिहितेय, कारण गेल्या सात महिन्यांत घरच्या मिक्सरपेक्षा हिच्यावरच माझी बोटं जास्त वेळा पडलीयत. ऑफिसच्या खाली सूप-सँडविचवाला आहे, त्याच्या काउंटरवरचा टॅब्लेट, तो गर्रकन आपल्याकडे फिरवतात ना, तोच. आम्ही न्यू जर्सीत राहतो. अमेरिकेत राहणाऱ्यांना स्पेक्स सांगायची गरज नाही. वर बिलाच्या 18, 20, 25 टक्के असे तीन ढब्बू हिरवे चौकोन, खाली 'कस्टम', आणि त्याच्याही खाली चष्मा लावून शोधावं लागेल अशा राखाडी अक्षरात 'नो टिप'. स्क्रीन फिरवताना काउंटरवरचं माणूस ठरलेलं वाक्य म्हणतं, 'इट्स जस्ट गोइंग टू आस्क यू अ क्वेश्चन', आणि लगेच कपाळाला आठी घालून दुसरीकडे कुठेतरी बघायला लागतं.

आधीच सांगते, मी टिप न देणाऱ्यांतली नाही. बसून जेवायला गेलो की 20 टक्के, विषय संपला. तिथलं गणित मला मान्य आहे. वेटरला मालकाने रोख द्यायचा किमान पगार केंद्राच्या कायद्यात तासाला 2.13 डॉलर आहे, तोही 1991 पासून तेवढाच, आमच्या राज्यात 2025 ला तो 5.62 होता, म्हणजे बाकीचं पोट टिपेवरच भरायचं. माणूस चार वेळा टेबलाशी येतो, पाणी भरतो, मुलाने सांडलेलं पुसतो. द्यायलाच पाहिजे. पण इथे मी रांगेत उभी राहिले, ऑर्डर मी सांगितली, माझं नाव ओरडल्यावर ट्रे मी उचलला, शेवटी उष्टं पण मीच डब्यात टाकलं, आणि हे सगळं व्हायच्या आधीच, सूप गरम आहे का गार हे कळायच्याही आधी, स्क्रीन विचारतेय की सेवा कशी वाटली. अहो अजून झालीच नाहीये! आपल्याकडे निदान बडीशेपेच्या बशीत सुटे ठेवायचे तर जेवण पोटात गेलेलं असायचं.

पहिले दोन महिने मी मुकाट 18 दाबत होते. कारण एकच, मागे उभा असलेला माणूस. तो माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघतोय असं मला कायम वाटायचं आणि 'कस्टम' दाबलं की कीपॅड उघडतो, त्यावर बसून आकडे टाकायचे म्हणजे आपण चिंधी आहोत हे रांगेला जाहीर करण्यासारखं. एकदा तर मी फ्रिजमधून स्वतः पाण्याची बाटली काढली, स्वतः काउंटरवर आणली, आणि त्यावरही 18 दिले. त्या रात्री मला खरंच झोप लागली नाही. एअरपोर्टवर मागे एकदा सेल्फ-चेकआउट मशीनने टिप मागितली होती, म्हणजे जिथे माणूसच नाही तिथे, तेव्हा मात्र मी 'नो टिप' इतक्या जोरात दाबलं की नवरा म्हणाला, अगं फुटेल ते.

आता मुख्य मुद्दा. तिसऱ्या महिन्यात घरी पावत्या लावत बसले होते (हो, मी पावत्या ठेवते) आणि एक गोष्ट डोळ्यात खुपली. माझी नेहमीची ऑर्डर म्हणजे सूप आणि अर्धं सँडविच, 12 डॉलर. त्यावर सेल्स टॅक्स 6.625 टक्के, म्हणजे 80 सेंट, झाले 12.80. टिप लागलेली 2.30. आता 12 चे 18 टक्के किती? 2.16. मग वरचे 14 सेंट कुठून आले? तर हे महाशय टिप टॅक्सवर पण मोजतात. म्हणजे मी राज्य सरकारला जे 80 सेंट देतेय त्याच्यावरही मी टिप द्यायची, पण कशाबद्दल? टॅक्स छान वाढला म्हणून?

मान्य आहे, 14 सेंट म्हणजे काही नाही. नवऱ्याने पण हेच ऐकवलं, 'अगं 14 सेंटसाठी एक्सेल शीट करतेस?' पण मी केलीच. आठवड्यातून तीनदा, तीस आठवडे, नव्वद वेळा, दर वेळी 18 दाबलं असतं तर 12.60 डॉलर. म्हणजे एक अख्खं जेवण फक्त 20 सेंटनी हुकतं. आणि प्रश्न पैशांचा नाहीच, प्रश्न हा की मशीनला हे नीट करता येतं. मी शोधलं. असल्या काउंटरवरच्या सिस्टीममध्ये टिप टॅक्सच्या आधीच्या रकमेवर मोजायची की नंतरच्या, हे दुकानदाराला सेटिंगमध्ये ठरवता येतं. म्हणजे ही चूक नाही, कोणीतरी निवडलेलं आहे. हे कळल्यावर माझं डोकं जे फिरलं ते फिरलंच.

मग मॅनेजरशी वाद. पहिल्यांदा म्हणाला सिस्टीमच तशी आहे. मी फोनवर सेटिंगचं पान दाखवलं. मग म्हणाला मालकाला सांगतो. दोन आठवड्यांनी विचारलं तर म्हणाला सांगितलंय. महिन्याने विचारलं तर मला बघूनच मागच्या खोलीत गेला. त्या काळात मी कस्टम दाबून बरोब्बर 2.16 टाकायला लागले होते, मागे रांग असो नसो. एकदा मागच्या बाईने घड्याळ बघितलं, मी तिला म्हणणार होते की बाई हा तुझ्या पण 14 सेंटचा प्रश्न आहे, पण गप्प बसले.

इथपर्यंत मी या स्क्रीनला पाचातला एक स्टार दिला असता आणि विषय मिटवला असता.

पण मागच्या महिन्यात स्क्रीन बंद पडली. कार्ड चालत होतं, बाजूच्या छोट्या मशीनवर टॅप करून, फक्त तो फिरणारा टॅब्लेट काळा पडलेला. आणि काउंटरवर लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीला चिठ्ठी चिकटवलेली, 'टिप्स', मार्करने, खाली एक हसरा चेहरा. कोणी काही विचारत नव्हतं. मी ट्रे उचलला, सूप चाखलं, चांगलं गरम होतं, आणि परत जाऊन बरणीत तीन डॉलर टाकले. तीन! 12 वर तीन म्हणजे 25 टक्के, म्हणजे स्क्रीनवरचा जो सगळ्यात निर्लज्ज चौकोन मी सात महिन्यांत एकदाही दाबला नाही तेवढे, आणि मला काहीच वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी पण स्क्रीन बंदच, दुसऱ्या दिवशी पण मी दोन टाकले.

गर्दी नव्हती म्हणून काउंटरवरच्या मुलीशी बोलले. कॉलेजला आहे, आठवड्याचे वीस-बावीस तास काम करते. मी विचारलं स्क्रीनवरची टिप तुम्हाला मिळते ना नक्की? म्हणाली मिळते, सगळ्यांची एकत्र होते आणि ज्याचे जितके तास त्या हिशोबाने पगाराबरोबर दोन आठवड्यांनी येते. बरणीतले मात्र रात्री दुकान बंद करताना वाटून घेतात. 'बरणी बरी,' म्हणाली, 'बस पकडताना हातात पैसे असतात.' मग मी भीत भीत विचारलं, आम्ही कितीचं बटण दाबतो हे तुम्हाला दिसतं का? तर खांदे उडवून म्हणाली पावतीवर दिसतं, पण बघतंय कोण, आम्ही तेव्हा पुढची ऑर्डर लावत असतो. सात महिने मी कोणासाठी लाजत होते मग? एवढ्यात ती हसली आणि म्हणाली, 'तुम्हीच ना त्या 14 सेंटवाल्या?'

सगळ्या दुकानात मी 14 सेंटवाली.

तर इथे माझं मत थोडं बदललं. टिप मालक किंवा मॅनेजर खात असेल हा माझा पहिला संशय होता, तो चुकीचा निघाला, आणि तसं करायला कायद्यानेच बंदी आहे, 2018 साली केंद्राच्या कायद्यात ते स्पष्ट लिहिलं. पण त्यातून दुसरीच एक गोष्ट कळली जी मला जास्त टोचली. महिन्याला 30 डॉलरच्या वर नियमित टिप मिळते तो केंद्राच्या कायद्याच्या भाषेत 'टिप मिळणारा कर्मचारी', आणि मग मालक त्याच्या रोख पगारातून टिपेचा भाग वळता करून घेऊ शकतो, फक्त दोन्ही मिळून किमान वेतन भरलं पाहिजे. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत ही सोयच नाही, तिथे टिप पूर्ण पगाराच्या वर. आमच्या राज्यात आहे. म्हणजे मी दाबलेलं बटण त्या पोरीच्या खिशात जातं की मालकाचा पगाराचा खर्च वाचवतं, हे दुकानागणिक बदलणार आणि काउंटरच्या या बाजूला उभं राहून ते कळायला मार्ग नाही. इथल्या मुलीला पूर्ण किमान वेतन मिळतं म्हणाली, 2025 मध्ये आमच्याकडे ते बहुतेक दुकानांना तासाला 15.49 डॉलर होतं, म्हणजे निदान इथे टिप ही टिपच आहे. एक स्टार वाढवला.

प्यू रिसर्च या इथल्या जनमत पाहणी करणाऱ्या संस्थेच्या 2023 च्या पाहणीत 72 टक्के लोक म्हणाले की पाच वर्षांपूर्वीपेक्षा आता जास्त ठिकाणी टिपेची अपेक्षा असते. वाचून बरं वाटलं, आपण एकट्याच खवट नाही. पण मला वाटतं लोकांचा राग टिपेवर नाहीच, फिरणाऱ्या स्क्रीनवर आहे. बरणी काही विचारत नाही, बरणीला 'नो टिप' असं बटण नसतं म्हणून नाही म्हणावं लागत नाही. माझ्यासारख्या पावत्या जपणाऱ्या बाईकडून बरणीने दोन दिवसांत पाच डॉलर काढले, स्क्रीनला तेवढ्यासाठी अख्खा आठवडा लागतो.

आता शेवटची अपडेट, म्हणजे हे लिहायचं खरं निमित्त. परवा नवा टॅब्लेट आला. बरणी गेली. मॅनेजर स्वतः बाहेर आला, मला बघून पहिल्यांदाच हसला, म्हणाला मॅडम, तुमचं काम झालं, टिप आता टॅक्सच्या आधीच्या रकमेवर. मला काय आनंद झाला सांगू, मी नवऱ्याला तिथूनच मेसेज टाकला, जिंकले. मग स्क्रीन माझ्याकडे फिरली. तीन चौकोन, रंग आता निळा. 20, 25, 30.

12 चे 20 टक्के, 2.40. आधी टॅक्स धरून 2.30 जात होते.

मी कस्टम दाबलं. कीपॅड उघडला. मागे कोणीतरी खाकरलं. मी 2.16 टाकलं, मग त्या मुलीकडे बघितलं, ती पुढची ऑर्डर लावत होती, तिचं खरंच लक्ष नव्हतं. तरी खोडून 2.50 केलं. तीन स्टार, त्यातला एक बरणीचा.