आरटीएक्स ४०६० टीआय, १६ जीबी: जुन्या मदरबोर्डावरचा अनुभव

निकाल आधी सांगते, मग कारणं. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड ४०६० टीआय, १६ जीबी मेमरीवालं, मला पसंत आहे. पण मेमरी दुप्पट म्हणजे फ्रेमही (सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रं) दुप्पट, अशी आशा असेल तर याच्या वाटेला जाऊ नका. मे २०२३ मध्ये आलेलं ८ जीबीचं आणि त्याच वर्षी जुलैमध्ये आलेलं हे, दोन्हींत चिप तीच, कोअर (गणित करणारे घटक) तेवढेच, मेमरीचा वेगही तोच. गेमला ८ जीबी पुरत असतील तर दोघांत फरक शोधून सापडणार नाही. पुरत नसतील तर ८ जीबीचं कार्ड एकदम कोलमडतं. 'थोडं हळू चालतं' असा मधला टप्पा फारसा नसतोच.

माझ्या मशीनबद्दल दोन शब्द, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. जुना बी४५० मदरबोर्ड, रायझन ७ ५८००एक्स३डी प्रोसेसर, ३२ जीबी डीडीआर४ रॅम, १४४०पी मॉनिटर (चित्राचा बारकावा १०८०पीहून जास्त, ४के हून कमी). मी फ्लाइट सिम्युलेटर आणि सायबरपंक २०७७ खेळते. सुट्टीत भाचा येतो तेव्हा मशीन त्याच्या काउंटर-स्ट्राइकच्या ताब्यात जातं.

आता मेमरीचं कोडं. जीडीडीआर६ (ग्राफिक्स कार्डावरच्या मेमरीचा प्रकार) ची एक चिप ३२ बिटच्या वाटेने बोलते. या कार्डाची बस, म्हणजे मेमरीपर्यंतची एकूण वाट, १२८ बिटची, म्हणजे चार चिपांपुरती जागा. एका चिपमध्ये २ जीबी, म्हणून ८ जीबी. १६ करायचे तर सर्किटच्या पाटीच्या दोन्ही बाजूंना चार-चार चिपा लावायच्या आणि प्रत्येक जोडीने तीच ३२ बिटची वाट निम्मी-निम्मी वाटून घ्यायची. म्हणूनच या कार्डात १२ जीबीचा पर्याय कधी आला नाही. हंड्याचं पोट दुप्पट केलं, तोंड तेवढंच ठेवलं. वेग सेकंदाला २८८ जीबी, दोन्ही कार्डांत. याआधीच्या पिढीचं ३०६० टीआय २५६ बिटच्या बसवर ४४८ जीबीचा वेग देत होतं, म्हणजे आकडा चक्क खाली आला.

मग हे चालतं कसं? उत्तर चिपच्या पोटात आहे. ३०६० टीआयमध्ये एल२ कॅशे (चिपमधलीच छोटी, वेगवान मेमरी) ४ एमबी होती, इथे ३२ एमबी आहे. पुन्हा पुन्हा लागणारा डेटा कॅशेतच सापडला की बाहेरच्या मेमरीपर्यंत जावं लागत नाही. १०८०पीला ही युक्ती झकास चालते, १४४०पीला बऱ्यापैकी. ४के ला मात्र एकेका फ्रेमचा पसारा इतका वाढतो की कॅशे अपुरी पडते आणि अरुंद बस उघडी पडते. त्यामुळे '१६ जीबी आहे, म्हणजे ४के चं कार्ड' हा हिशेब मला पटत नाही. मेमरीत मावणं वेगळं, वेळेत पोचणं वेगळं.

कोअरच्या आकड्याचंही तसंच. याचे कोअर ४३५२. गंमत म्हणजे २०१८ च्या २०८० टीआयचेही बरोबर ४३५२ होते, आणि मेमरीचा वेग ६१६ जीबी, म्हणजे याच्या दुपटीहून जास्त. नुसते आकडे मांडले तर जुनं कार्ड याला लोळवेल असं वाटावं. तसं होत नाही, कारण त्याचा बूस्ट क्लॉक (जोर लावल्यावर चिप ज्या वेगाने चालते तो) १५४५ मेगाहर्ट्झ आणि याचा २५३५. शिवाय कोअर या शब्दात काय मोजलंय तेही बदललं. तेव्हा पूर्णांकांचं गणित करायला वेगळे घटक होते, आता निम्म्या कोअरना तेही काम आलटून-पालटून करावं लागतं. खोक्यावरचा कोअरचा आकडा फक्त त्याच पिढीतल्या कार्डांशी ताडून बघायचा, बाकी सोडून द्यायचा. विजेचा फरक मात्र खरा: जुन्याला २५० वॅट, याला १६५. माझी साधी पॉवर सप्लाय बदलावी लागली नाही, पंख्यांचा आवाजही हेडफोन लावल्यावर ऐकू येत नाही.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी मी १६ जीबी घेतलं. मेमरी भरली की गेम लगेच बंद पडत नाही. जे मावत नाही ते मुख्य रॅममध्ये जातं आणि लागेल तेव्हा पीसीआय एक्सप्रेसच्या स्लॉटमधून (मदरबोर्डावर कार्ड बसतं ती खाच) परत आणलं जातं. या कार्डाला त्या स्लॉटच्या १६ पैकी ८ च लेन (डेटाच्या वाटा) जोडलेल्या आहेत. नव्या बोर्डावर, म्हणजे पीसीआय ४.० वर, त्यातून सेकंदाला साधारण १६ जीबी जातात. माझ्या बी४५० वर पीसीआय ३.० आहे, तिथे जेमतेम ८. कार्डाची स्वतःची मेमरी २८८ ने देते आणि स्लॉट ८ ने, म्हणजे ३६ पटींचं अंतर. कमी मेमरीच्या कार्डावर परिणाम सगळ्यात जास्त कोणाला जाणवतो, तर जुना बोर्ड असलेल्यालाच. आणि हेच लोक 'बोर्ड जुना आहे, मग कार्डही कमी मेमरीचं चालेल' म्हणतात! उलटं आहे हो.

आधीच्या ८ जीबीच्या कार्डावर मी हे रोज बघत होते. सरासरी फ्रेम अगदी चांगल्या दिसायच्या, पण गाडी वळवली की चित्र क्षणभर थिजायचं, भिंतींवरचं टेक्श्चर (पृष्ठभागावर चढवलेलं चित्र) आधी चिखलासारखं दिसायचं आणि मग हळूहळू उघडायचं. सरासरीच्या आकड्यात हे दिसतच नाही, 'एक टक्का लो' (सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमचा आकडा) बघावा लागतो. तुमच्याकडे तसंच होतंय का ते तपासायचं असेल तर टास्क मॅनेजर उघडा. डेडिकेटेड जीपीयू मेमरी काठोकाठ आणि शेअर्डचा (मुख्य रॅममधून उसन्या घेतलेल्या जागेचा) आलेख खेळताना वर चढतोय, तर मेमरी ओसंडते आहे. नुसती डेडिकेटेड भरलेली दिसली म्हणून घाबरू नका, जागा मोकळी असली की गेम जास्तीची अडवून ठेवतात.

नव्या कार्डावर सायबरपंक रे ट्रेसिंगसह (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढणं) लावला की वापर सहज ८ च्या वर जातो, आणि ते थिजणं गेलं. फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कार्डाने स्वतःच रचणं) चालू केलं की आणखी थोडी मेमरी लागते, हे जाहिरातीत कोणी ठळक छापत नाही. मी टेक्श्चर कायम सगळ्यात वर ठेवते. मेमरी पुरत असेल तर टेक्श्चर वाढवल्याने वेग जवळपास घटत नाही आणि डोळ्यांना फरक सगळ्यात आधी तिथेच दिसतो. सावल्या आणि रे ट्रेसिंग कमी करा हवं तर, त्यात या चिपचा दम लागतो.

फ्लाइट सिम्युलेटरमध्ये या कार्डाला फारसं श्रेय देता येणार नाही. मोठ्या विमानतळावर उतरताना कार्ड निवांत बसलेलं असतं आणि प्रोसेसरचा एकच थ्रेड (कामाचा एक धागा) घाम गाळत असतो. तिथे कामी येतो प्रोसेसर. ५८००एक्स३डी आणि साधा ५८००एक्स, दोन्ही आठ कोअरचे. एक्स३डीचा क्लॉक उलट कमी, ४.५ गिगाहर्ट्झ, साध्याचा ४.७. पण एल३ कॅशे ३२ ऐवजी ९६ एमबी, वर रचलेल्या सिलिकॉनच्या थरामुळे. सिम्युलेटरसारख्या गेममध्ये हाच फरक क्लॉकला मागे टाकतो, कारण प्रोसेसरचा बराच वेळ रॅमकडून डेटा येण्याची वाट बघण्यात जातो. कार्डात जे ३२ एमबीने साधलं, तेच प्रोसेसरात ९६ ने.

आज नवं घेणाऱ्याने एप्रिल २०२५ चं ५०६० टीआय आधी बघावं. बस तीच १२८ बिटची, पण जीडीडीआर७ मुळे वेग परत ४४८ जीबीवर आलाय. लेन मात्र त्यालाही ८ च, आणि ८ जीबीची आवृत्ती त्यातही आहे. पीसीआय ३.० च्या बोर्डावर ती लावू नका, १६ च घ्या. ४०६० टीआय १६ जीबी वापरलेलं, चांगल्या अवस्थेत मिळालं आणि मॉनिटर १४४०पी असेल, तर तेही चालेल. ४के साठी दोन्ही नकोत.

आणि घरात फक्त काउंटर-स्ट्राइक चालत असेल तर यातलं काहीच नको. भाचा सगळी सेटिंग खाली ओढून १०८०पीवर खेळतो. त्याला मेमरीचं कौतुक शून्य, आणि माझा प्रोसेसर मात्र तो मनापासून मागतो आहे.