महिला पायलट्सचा लोकल फ्लाइंग क्लब: बरेच महिने मेंबर राहिल्यावरचा अनुभव

पीपीएल, म्हणजे प्रायव्हेट पायलट लायसन्स, मिळाल्यावरचे पहिले काही महिने भारी जातात, घरच्यांना चक्कर मारून आणायची, मैत्रिणींना आणायची, आणि मग हळूहळू सगळं थंड पडतं. इन्स्ट्रक्टर शेजारी नाही, पुढे कुठली टेस्ट नाही, एकटीने विमान बुक करायचं, त्याच त्या एरियात एकटीने फिरून यायचं, हवामान जरा डळमळीत दिसलं की कॅन्सल करायचं. दोन फ्लाइट्समधली गॅप वाढली की हात जड होतो, हात जड झाला की बुकिंग करायला मन धजत नाही, आणि अशाच कितीतरी जणी हातात लायसन्स असून उडायचं सोडून देतात. मी ह्याच टप्प्यावर होते तेव्हा आमच्या एअरफील्डवरचा महिला पायलट्सचा क्लब जॉइन केला, आता सगळे सीझन त्यात काढून झालेत, म्हणून नीट सविस्तर लिहितेय.

आधी एक क्लिअर करते. हे फ्लाइंग स्कूल नाही, इथे लायसन्स मिळत नाही. क्लबचं स्वतःचं विमानही नाही. कोणाकडे स्वतःचं आहे, बाकीच्या भाड्याने घेतात, बहुतेक सेस्ना 152 आणि 172. महिन्याला एक मीटिंग, हवामान साथ देईल तसे फ्लाय-आउट, म्हणजे सगळ्यांनी मिळून दुसऱ्या एअरफील्डवर उडत जाऊन यायचं, मधे मधे सेफ्टीवर सेशन. मेंबर्समध्ये अजून सोलोसुद्धा (एकटीने पहिलं उड्डाण) न झालेल्या स्टुडंट्स आहेत, माझ्यासारख्या हौशी आहेत, एअरलाइनमधून रिटायर झालेल्या कॅप्टन ताईही आहेत, आणि मीटिंगला सगळ्या एकाच टेबलाशी बसतात. स्टुडंटने विचारलेल्या बेसिक प्रश्नालाही कॅप्टन ताई वही-पेन घेऊन आकृती काढून उत्तर देतात, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

फ्लाय-आउट कसं चालतं ते सांगते कारण खरी मजा तिथेच आहे. दोघी दोघींची जोडी लावतात. जाताना एक उडवते, येताना दुसरी. जी उडवत नाही ती नुसती बसत नाही, रेडिओ, चार्ट, बाहेर ट्रॅफिक बघणं हे सगळं तिच्याकडे. पण कमांडमध्ये कोण हे इंजिन सुरू व्हायच्या आधी मोठ्याने बोलून ठरवतात, आणि कंट्रोल देता-घेताना 'यू हॅव कंट्रोल', 'आय हॅव कंट्रोल' म्हटल्याशिवाय कोणी हात हलवत नाही, मैत्री कितीही जुनी असो. दोन पायलट शेजारी बसल्या की 'तिने बघितलं असेल' असं दोघींनाही वाटण्याचा धोका असतो, त्यामुळे ही शिस्त मला फार आवडली. एकटीने मी कधीच गेले नसते अशा एअरफील्ड्सवर ह्यामुळे जाऊन आले, त्यात टॉवर नसलेली फील्ड आली, डोंगराच्या कुशीतली छोटी स्ट्रिप आली, जिथे उन्हाळ्यात दुपारी डेन्सिटी अल्टिट्यूड इतकं वाढतं, म्हणजे हवा इतकी विरळ होते, की नेहमीचा टेकऑफ रोल (उडायच्या आधीची रनवेवरची धाव) विसरायचा आणि विमानाच्या मॅन्युअलमधलं टेबल उघडून हिशोब करायचा. तिथून उडताना शेजारच्या ताईंनी रनवेच्या कडेचं एक झाड दाखवून सांगितलं की इथपर्यंत लिफ्ट-ऑफच्या 70 टक्के स्पीड आला नाही तर पॉवर काढायची, टेकऑफ सोडून द्यायचा, चर्चा नाही. हा नियम पुस्तकात मीही वाचला होता, पण झाड दाखवून कोणी शिकवला नव्हता.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा क्लब कोणालाही डोळे झाकून सुचवेन ती गोष्ट. इथे परत फिरणाऱ्या पायलटला मान आहे.

एका फ्लाय-आउटला तीन विमानं पाच-पाच मिनिटांच्या अंतराने निघाली होती. फोरकास्ट चांगला होता, पण अर्ध्या वाटेत ढगांचा बेस, म्हणजे खालची कड, खाली यायला लागला, पुढची टेकड्यांची रांग धूसर झाली. सगळ्यात पुढच्या विमानात क्लबमधली तशी नवीन मुलगी कमांडमध्ये होती. तिने रेडिओवर शांतपणे सांगितलं, 'मी परत फिरतेय', आणि वळली. मागच्या विमानातल्या ताई तिच्यापेक्षा कितीतरी जास्त तास उडलेल्या, त्यांनी एका शब्दाने 'का' विचारलं नाही, त्याही वळल्या. मी तिसऱ्या विमानात उजव्या सीटवर होते, आम्ही जवळच्या फील्डवर उतरलो आणि दुपारपर्यंत थांबलो. पुढच्या मीटिंगमध्ये त्या मुलीला सगळ्यांसमोर ब्रीफिंग द्यायला लावलं, तिने काय बघितलं, कधी ठरवलं, वळताना किती उंची हातात होती. टाळ्या पडल्या, अगदी मनापासून. ट्रिप पूर्ण केल्याच्या टाळ्या सगळीकडे पडतात, वळल्याच्या मी पहिल्यांदाच ऐकल्या.

हे मला इतकं महत्त्वाचं का वाटतं, तर ग्रुपने उडताना सगळ्यात मोठा धोका ग्रुपचाच असतो. सगळ्या चालल्यात, मी एकटी मागे कशी राहू. इलिनॉय युनिव्हर्सिटीत 1954 मध्ये इन्स्ट्रुमेंट ट्रेनिंग (बाहेर काही दिसत नसताना नुसत्या उपकरणांवर उडवायचं ट्रेनिंग) नसलेल्या 20 पायलट्सना सिम्युलेटेड ढगात उडवून बघितलं होतं, वीसच्या वीस जणांचा कंट्रोल सुटला, सरासरी 178 सेकंदांत. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. हा आकडा पायलट लोकांना तोंडपाठ असतो, तरीही लोक ढगात घुसतात, कारण त्या क्षणी आकडा आठवत नाही, खाली वाट बघणारी माणसं आठवतात. आमच्या क्लबमध्ये वाट बघणारीच आधी सांगते की नाही जमलं तर नको येऊस.

बायकांचाच क्लब कशाला, हे मला जॉइन करतानाही विचारलं गेलं होतं आणि अजूनही विचारतात. माझं उत्तर असं की काही गोष्टी मी मिक्स ग्रुपमध्ये कधी विचारल्या नसत्या आणि विचारल्या असत्या तरी उत्तर मिळालं नसतं. उदाहरणार्थ सीट. माझी उंची कमी आहे. 152 मध्ये सीट पूर्ण पुढे घेऊनही रडर (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवायचं पेडल) पूर्ण दाबताना पाय अपुरा पडायचा, क्रॉसविंड लँडिंगला, म्हणजे आडव्या वाऱ्यात उतरताना, हे किती महागात पडू शकतं ते वेगळं सांगायला नको. इथे पहिल्याच आठवड्यात माझ्याच उंचीच्या एका ताईंनी विमानात बसवून सगळं सेट करून दिलं: पाठीमागे कडक फोमची गादी, मऊ नको कारण ती दबते आणि टेकऑफला आपण मागे जातो, खाली दुसरी गादी म्हणजे नाकाच्या पुढचं दिसतं, मग दोन्ही रडर शेवटपर्यंत दाबून बघायचे, योक (विमानाचं हँडल) पोटापर्यंत पूर्ण मागे येतो का बघायचं, आणि सगळ्यात शेवटी सीट दोन्ही हातांनी मागेपुढे हलवायची, रेलच्या भोकात पिन नीट बसलीये का हे कळेपर्यंत. सेस्नाची सीट टेकऑफला मागे सरकून अपघात झालेत, त्यामुळे ही शेवटची स्टेप उंच माणसांनीही करायलाच हवी. लांबच्या फ्लाइटला बाथरूमचं काय, प्रेग्नन्सीत पायलटच्या मेडिकल सर्टिफिकेटचं काय, बाळंतपणानंतर परत सुरुवात कशी करायची, ह्यावर इथे मोकळेपणाने बोलतात, पाळी चालू असताना उडायचं की नाही हे आपल्या आपण कसं ठरवायचं ह्यावरसुद्धा.

आणि असे क्लब काही आजचे नाहीत. 1929 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत सँटा मोनिका ते क्लीव्हलँड अशी महिला पायलट्सची रेस झाली होती. लुईस थेडन जिंकली. ब्लान्श नॉइसच्या विमानात हवेत आग लागली, ती उतरली, विझवली आणि परत उडाली. मार्व्हल क्रॉसनचा मात्र त्या रेसमध्ये जीव गेला. त्याच वर्षी 2 नोव्हेंबरला न्यूयॉर्कजवळच्या कर्टिस फील्डवर 26 जणी जमल्या आणि 'नाइन्टी-नाइन्स' ही संघटना सुरू झाली. तेव्हा अमेरिकेत लायसन्सवाल्या बायका होत्याच 117, त्यातल्या 99 जणींनी नाव दिलं म्हणून हे नाव. पुढे 1931 मध्ये अमेलिया इअरहार्ट पहिली अध्यक्ष झाली. थेडनचं आमच्याकडे जरा जास्तच नाव निघतं, कारण रेसच्या आधी विमान घेऊन येतानाच कॉकपिटमध्ये कार्बन मोनॉक्साइड भरल्याने तिला त्रास झाला होता, मग ताज्या हवेसाठी कॉकपिटमध्ये पाइप बसवून ती रेसमध्ये उतरली. थंडी सुरू व्हायच्या आधी, म्हणजे केबिन हीट वापरायच्या आधी, क्लबने सगळ्यांसाठी सीओ (कार्बन मोनॉक्साइड) डिटेक्टर एकत्र मागवले तेव्हा हीच गोष्ट सांगितली गेली.

एक काम मात्र मी कधी विसरणार नाही, एअरफील्डवर कंपास रोझ रंगवण्याचं. विमानाचा कंपास तपासायला जमिनीवर हे मोठं वर्तुळ लागतं, मॅग्नेटिक उत्तरेला धरून, दर 30 अंशांवर रेघ. विमान त्या त्या रेघेवर उभं करायचं, इंजिन चालू ठेवून कंपास किती चुकतोय ते लिहायचं, त्यातून कॉकपिटमधलं डेव्हिएशन कार्ड, म्हणजे कंपासच्या चुकीचा तक्ता, बनतं. जागा निवडतानाच लोखंड, केबल, हँगर ह्यांपासून लांब निवडतात. पहाटे जमलो, मध्यभागी खुंटी, त्याला दोरी, खडूने वर्तुळ, मग टेप चिकटवून रोलरने पांढरा रंग. गुडघे सोलून निघाले, उन्हात टेप सुटत होती आणि दोघीजणी मागून ती दाबत चालल्या होत्या. त्या वर्तुळावर नंतर एका विमानाचा कंपास तपासताना मी उजव्या सीटवर आकडे लिहायला बसले होते, आणि माझ्याच हाताने मारलेल्या रेघेवर नोजव्हील थांबलं तेव्हा खूप भरून आलं.

आता खटकलेल्या गोष्टीही सांगते. प्लॅनिंग तीन-चार जणींवरच पडतं, त्या दमल्या की महिना रिकामा जातो. ग्रुपवर मेसेजचा पूर असतो, कामाची नोटीस फोटोंखाली गाडली जाते, शेवटी नोटीससाठी वेगळा ग्रुप करावा असं मी सुचवलं आणि तो झाला, तेव्हापासून बरं आहे. स्टुडंट्सना फ्लाय-आउटला बहुतेक मागची सीट मिळते, त्यांच्यासाठी अजून काहीतरी करायला हवं हे मी मीटिंगमध्येही बोललेय. सगळे कार्यक्रम सुट्टीच्या दिवशी, त्यामुळे ज्यांची ड्युटी तेव्हाच असते त्या हळूहळू तुटतात. आणि पावसाळी सीझनमध्ये नुसत्या मीटिंगाच होतात, तो काळ तुम्हाला कंटाळवाणा वाटू शकतो, मला त्यातली हवामानाची सेशन्स फार उपयोगी पडली, कार्ब्युरेटर आइस, म्हणजे इंजिनच्या कार्ब्युरेटरमध्ये साचणारा बर्फ, दमट हवेत 20 डिग्रीलाही होतो हे तेव्हाच डोक्यात पक्कं बसलं.

माझ्या उडण्यात काय फरक पडला, तर गॅप पडत नाही. अमेरिका-युरोपात पॅसेंजर न्यायला मागच्या 90 दिवसांत 3 टेकऑफ-लँडिंग लागतात, पण तेवढ्यावर हात तयार राहत नाही हे कोणीही पायलट सांगेल. इथे स्पॉट लँडिंगची स्पर्धा असते, रनवेवर रेघ ठरवायची आणि पॉवर आयडल करून तिच्या जास्तीत जास्त जवळ उतरायचं, त्या नादाने माझा ग्लाइडचा (पॉवरशिवाय तरंगत उतरण्याचा) अंदाज जितका सुधारला तितका ट्रेनिंगमध्येही सुधारला नव्हता.

मेंबरशिप रिन्यू केलीये. तुमच्याजवळ असा क्लब असेल तर पैसे भरायच्या आधी एका मीटिंगला नुसतं बसून या आणि तीन गोष्टी विचारा: भाड्याच्या विमानाच्या इन्शुरन्समध्ये दुसरी पायलट उडवत असेल तर कव्हर आहे का, खर्च वाटून घ्यायचे नियम तुमच्याकडे काय आहेत, आणि मागच्या वर्षात किती फ्लाय-आउट हवामानामुळे रद्द केले किंवा अर्ध्यातून परत आणले. शेवटच्या प्रश्नाला 'एकही नाही' असं अभिमानाने उत्तर आलं तर मी तरी तिथे जॉइन होणार नाही.