एका मृत्यूला सहा क्रेडिट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सुरुवात भांडणाने झाली. वंशावळीच्या एका साइटने (नाव लिहीत नाही) न विचारता वर्षभराची वर्गणी पुन्हा कापली. चार मेल करून अर्धे पैसे परत मिळवले आणि त्याच तिरमिरीत स्कॉटलंड्सपीपलवर, म्हणजे स्कॉटलंडच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या सरकारी नोंदींच्या साइटवर, खातं उघडलं. इथे वर्गणीच नाही, जेवढी पानं बघाल तेवढे पैसे. नवरा स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातला. त्याच्या घरात पूर्वजांचा शोध घेणार कोण, तर सांगलीहून आलेली सून!

पानं उघडायला आधी क्रेडिट विकत घ्यायची. मी घेतली तेव्हा ३० क्रेडिट साडेसात पौंडांना होती. १८५५ पासूनच्या मृत्यूचं एक पान सहा क्रेडिटला, म्हणजे दीड पौंड. यादीत शोधायला पैसे पडत नाहीत, पण नुसत्या यादीवरून आपला माणूस ओळखू येईलच असं नाही. शोधत होते नवऱ्याच्या खापरपणजोबांना. नाव जेम्स. स्कॉटिश घरांत थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव ठेवायची जुनी रीत, अगदी आपल्यासारखीच. त्यामुळे चार भावांच्या घरी चार जेम्स, वयं जवळजवळ सारखी. माझी पहिली ३० क्रेडिट पाच परक्या जेम्सांवर गेली. एक खलाशी, एक मोची, एक तर दोन वर्षांचं पोर. त्या पोराचं वय यादीतच होतं, मीच घाईत बघितलं नाही. साडेसात पौंडांत इथे दोन आठवड्यांची भाजी येते, हे नवऱ्याला तीनदा ऐकवलं.

महिनाभर खातं उघडलंच नाही. तोवर माझं मत एकच होतं, हा नुसता पैसे खायचा धंदा.

मग लक्षात आलं, चुकतोय तो माझा शोध. जेम्सला कशाला शोधायचं, त्याच्या बायकोला शोधू! स्कॉटलंडच्या नोंदीत लग्न झालेल्या बाईचं माहेरचं आडनाव पुसलं जात नाही. तिचा मृत्यू माहेरच्या नावानेही शोधता येतो आणि सासरच्याही. दोन्ही आडनावं जुळली की चुकीचं पान उघडायची भीती जवळजवळ संपते. सासूबाईंना ते माहेरचं आडनाव पाठ होतं. सहा क्रेडिट, पहिल्याच फटक्यात ती सापडली. तागाच्या गिरणीत काम, क्षयाने मृत्यू, आजार सात महिने. खाली वडिलांचं नाव नि धंदा आणि आईचं नाव, तेही माहेरच्या आडनावासकट! म्हणजे एका पानात आणखी एक पिढी मागे. खबर देणाऱ्या मुलाला सही येत नव्हती, त्याने फुली मारलीय आणि निबंधकाने साक्ष घातलीय. ती फुली मी झूम करून किती वेळ बघत बसले.

त्या रात्री आईला फोन करून विचारलं, आपल्या पणजीचं माहेरचं आडनाव काय गं? आई म्हणाली, "मिरजेकडची होती. आडनाव कोण विचारतंय तेव्हा?" आमच्या वंशावळीत सात पिढ्यांचे पुरुष ओळीने आहेत. बाई एकही नाही.

थोडं नव्यांसाठी. १८५५ सालचं पान मिळालं तर सोनं. त्या एकाच वर्षी जन्मठिकाण आणि मुलांची नावंसुद्धा लिहिलीत. एवढं लिहिणं झेपेना, म्हणून पुढच्याच वर्षी रकाने कापले. १८५६ ते १८६० मध्ये गेलेल्याच्या नवऱ्याचं किंवा बायकोचं नावही नाही, दफन कुठे केलं ते मात्र आहे. सासरचे एक पूर्वज नेमके १८५८ मध्ये गेले. तीन वर्षं आधी गेले असते तर माझी १२ क्रेडिट वाचली असती. (सासूबाईंसमोर हे बोलू नये.) गेल्या ५० वर्षांतल्या मृत्यूंचं पान ऑनलाइन उघडत नाही, दाखला मागवावा लागतो.

आणि नोंदीतल्या अक्षरावर डोळे मिटून विश्वास नको. माहिती दिलीय ती मागे राहिलेल्यांनी, कधी जावयाने, कधी शेजाऱ्याने. दोन सख्ख्या बहिणींच्या नोंदींत आईचं आडनाव वेगवेगळं निघालं. शेवटी लग्नाची नोंद काढली, तिथे दोन्हीकडच्या आईवडिलांची नावं असतात. आणखी सहा क्रेडिट. पण एकदा विकत घेतलेलं पान खात्यात राहतं, पुन्हा पैसे नाहीत, हे मला फार आवडलं.

सध्या १८ क्रेडिट शिल्लक आहेत, मुदत दोन वर्षांची. काल सासूबाई हळूच म्हणाल्या, आता माझ्या आईकडचे बघशील का?