सहा शाईंचा इंक टँक प्रिंटर आणि कृष्णधवल फोटो: एक पावसाळा वापरल्यावर

स्पेसिफिकेशन सगळ्यांना माहीत आहेत, परत देत नाही. रंगीत फोटोंना हा ए-4 प्रिंटर चांगलाच आहे. इथे त्याचं काम वेगळं: बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे मित्र आपापले कृष्णधवल फोटो पाठवतात, ते छापून टेबलावर मांडायचे आणि कुठे काय जमलं, काय नाही ते बोलायचं. तेवढ्याच कामापुरता हा अनुभव.

मोठी तक्रार एकच, राखाडी राखाडी येत नाही. यात करडी शाई नाही. काळी, सायन, मॅजेंटा, पिवळी, वर फिका सायन आणि फिका मॅजेंटा. मधला राखाडी रंगीत शाया मिसळूनच बनतो. तोल जरा ढळला की तीच प्रिंट एलईडी ट्यूबखाली हिरवट दिसते आणि खिडकीपाशी गुलाबी. मत देताना हे फार घातक. हिरवट चेहरा आजारी दिसतो आणि आपण समोरच्याला ‘चेहरा उजळ कर’ सांगून मोकळे होतो. त्याने बिचाऱ्याने चेहरा बरोबर ठेवलेला असतो.

सर्व्हिस सेंटरचं उत्तर: हेड (शाई फवारणारा भाग) बदला. असं कोणी म्हटलं तर आधी नोझल चेक, म्हणजे रेघांचं चाचणी-पान, काढा. सगळ्या रेघा अखंड असतील तर हेड ठीक आहे, खिशात हात घालू नका. हेड क्लीनिंगही सारखं करू नका, शाई जाते आणि वाया गेलेली शाई शोषणारा वेस्ट पॅड लवकर भरतो. कारणं बहुधा साधी असतात: ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार चुकलेला, टाकीत स्वस्त रिफिल शाई, किंवा प्रिंट पुरती वाळायच्या आत बघायची घाई. डाय शाईला (विरघळलेल्या रंगाची शाई) एक दिवस द्या, पावसाळी हवेत दोन. उघडं पाकीट दमट झालं की शाई पसरते, म्हणून कागद झिपच्या पिशवीत सिलिका जेल टाकून ठेवा. फक्त काळ्या शाईने छापलं तर छटा जाते, पण आकाशात ठिपके दिसतात.

पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर दोन तारे दिले असते. मत बदललं ते एका फुकटच्या उपायाने. प्रत्येक पानाच्या काठाला 0 (पूर्ण काळा) ते 255 (पूर्ण पांढरा) अशी 21 पायऱ्यांची राखाडी पट्टी छापायची. पट्टीही हिरवट असेल तर दोष प्रिंटरचा, फोटोवर बोलू नका. मॅट कागदावर सर्वांत गडद दोन-तीन पायऱ्या एकमेकींत मिसळतात. त्यामुळे ‘सावलीत काही दिसत नाही’ म्हणण्याआधी पट्टीत त्या पायऱ्या तरी वेगळ्या दिसतात का बघा. दिसत असतील तर तक्रार खरी. ही पट्टी असेल तर माझे चार तारे.

एवढा खटाटोप कशाला, फोनवर बघून सांगता येत नाही का? फोनचा ब्राइटनेस प्रत्येकाचा वेगळा, आणि व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो दाबून येतो. छापायला फाइल डॉक्युमेंट म्हणूनच मागवा. सोबत रंगीत मूळही मागवा, हे विसरू नका. इरकलीचा गडद लाल काठ आणि गडद हिरवं अंग कृष्णधवलमध्ये एकच करडं होऊन बसतं. रंगीत मूळ बघितल्याशिवाय ते कळत नाही, मग सल्ला ‘कॉन्ट्रास्ट वाढव’ एवढाच निघतो. तो काही उपयोगाचा नाही. कृष्णधवल करताना सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक रंग उजळ-गडद करणारे स्लायडर असतात; ‘रेड वर घे, ग्रीन खाली आण, काठ सुटा होईल’ हा सल्ला उपयोगाचा.

सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावरचे फोटो याहून अवघड. भंडाऱ्याचा पिवळा साध्या रूपांतरात जवळजवळ पांढरा होतो, कपाळाला राख फासल्यासारखा. यलो स्लायडर खाली ओढ म्हणणं सोपं, पण त्वचाही पिवळ्या-नारिंगीतच असते, तीही काळवंडते. म्हणून सांगताना पुरतं सांगा: यलो थोडा खाली, ऑरेंज तेवढाच वर, तरी नाही जमलं तर भंडाऱ्यावर मास्क, म्हणजे तेवढाच भाग निवडून बदल. निळ्या आकाशाबद्दलही तसंच. ब्लू फार खाली ओढला की नॉइज (दाणेदारपणा) उठतो आणि देवळाच्या कडेला पांढरी रेघ येते. फोटो भिंगाने तपासा, कडा आधी बघा.

उजेडाबद्दल बोलताना जागा आणि आकडा द्या. ‘हायलाइट जळालेत’ नको. ‘डावीकडच्या म्हाताऱ्याच्या धोतराची घडी 255 ला गेली आहे, 240 च्या आसपास आण, रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) घडीच नसेल तर त्या बाजूने काप’ असं म्हणा. काप कुठे घ्यायचा ते तोंडी समजत नाही, त्यासाठी काळ्या कार्डशीटचे दोन एल आकाराचे तुकडे प्रिंटवर सरकवा. प्रिंट उलटी धरून बघा, नजर ओढणारा नको तो पांढरा डाग लगेच सापडतो. आणि आधी फोटो काढणाऱ्यालाच विचारा, तुला यात काय दाखवायचं होतं? गुऱ्हाळातला धूर हवा असेल तर कढईतले तपशील मागून काय करणार?

विकत घेणाऱ्यांना एक सांगतो: या कामाला ग्लॉसी घेऊ नका, मॅटच घ्या. काळा थोडा कमी गडद येतो हे खरं, पण ट्यूबची चकाकी येत नाही, चौघं चार बाजूंनी बघू शकतात आणि मागच्या बाजूला पेन्सिलने शेरा लिहिता येतो. प्लॅस्टिक थराच्या ग्लॉसीवर पेन्सिल धरत नाही.