वॉशिंग्टनचा जुना नकाशा: एलिकॉटचा छोटा कागद की १८८७ची प्रतिकृती?

वॉशिंग्टन शहराचा जुना नकाशा भिंतीवर असावा, असं मनात घेऊन शोधायला लागलं की आपल्यासारख्यांच्या आवाक्यात साधारण दोन गोष्टी उरतात. एक म्हणजे १७९०च्या दशकातल्या मासिकांत आणि पुस्तकांत घडी घालून शिवलेला, लांफाँनंतर शहराचा आराखडा सुधारून काढणाऱ्या मोजणीदार अँड्र्यू एलिकॉटचा आराखडा, छोट्या आकारातला. दुसरी म्हणजे या शहराची पहिली आखणी करणाऱ्या पिएर शार्ल लांफाँच्या १७९१च्या हस्तलिखित आराखड्याची, अमेरिकेच्या कोस्ट अँड जिओडेटिक सर्व्हे या सरकारी मोजणी खात्याने १८८७ साली छापलेली प्रतिकृती. १७९२ साली फिलाडेल्फियात कोरलेला मोठा नकाशा, ज्यात नदीच्या खोलीचे आकडे आहेत, तो इथे धरलेला नाही. ज्यांना तो परवडतो त्यांना माझ्या सल्ल्याची गरज नाही.

मी आधी छोटा घेतला होता. त्याची ओढ मला आजही कळते. मार्च १७९२मध्ये फिलाडेल्फियाच्या ‘युनिव्हर्सल असायलम अँड कोलंबियन मॅगझिन’मध्ये थॅकारा आणि व्हॅलन्स यांनी कोरलेला आराखडा आला, तेव्हा या राजधानीचं चित्र लोकांनी पहिल्यांदा छापील पाहिलं. जागेवर तेव्हा शेतं, झाडी आणि ओढे होते; सरकार तिथे राहायला गेलं १८००मध्ये. त्या सुमाराचा, चिंध्यांच्या लगद्यापासून हाताने केलेला कागद बोटांना वेगळा लागतो. कडेला छपाईच्या तांब्याच्या पत्र्याचा दाब उमटलेला असतो, त्यावरून बोट फिरवलं की दोनशे वर्षांचं अंतर जरा कमी होतं.

शिवाय प्रत्यक्षात बांधलं गेलेलं शहर एलिकॉटच्या रेघांच्या जास्त जवळ आहे. लांफाँचा मॅसॅच्युसेट्स ॲव्हेन्यू मध्ये थोडा वळतो, एलिकॉटने तो सरळ केला. पासपोर्टच्या कामासाठी भारतीय दूतावासात गेलेल्यांनी तो रस्ता पाहिलेलाच आहे. ‘आपण इथे उभे होतो’ असं मुलांना बोट ठेवून दाखवायचं असेल, तर छोटा नकाशा सोयीचा, हे मी मान्य करतो.

पण मला तो परत करावा लागला, आणि कारण एकच: रंग. असे नकाशे बहुधा काळ्या शाईतच निघत. माझ्या प्रतीत पोटोमॅक नदी फिकट निळी होती, चौक गुलाबी होते, आणि विकणाऱ्याने ‘जुना हातरंग’ असं सांगितलं होतं. एका रविवारी सकाळी मी तो खिडकीच्या काचेला लावून पाहिला. प्रत्येक घडीच्या रेघेत निळा रंग जास्त गडद होता आणि मागच्या बाजूला झिरपला होता. कागदाला खळ लावलेली असते, तोवर रंग वरच राहतो. घडी वर्षानुवर्षं उघडून मिटून तिथली खळ मोडली की रंग आत शिरतो. म्हणजे आधी घडी झिजली आणि मग कुणीतरी रंगवलं. हे एकदा दिसल्यावर मला नकाशात दुसरं काही दिसेना. नजर शहरावरून सुटून त्या निळ्या रेघांवरच जायची. पुढे आणखी चार-पाच प्रती पाहिल्या. तीन रंगवलेल्या होत्या. एक बिनरंगाची होती, पण बांधणीच्या बाजूने चौकटीची रेघच कापली गेली होती. माझ्या नशिबात तशाच आल्या असतील. चांगल्या प्रतीही असणारच.

१८८७च्या प्रतीबाबत ही धास्ती मला वाटली नाही. माझ्या प्रतीला घड्या आहेत, पण त्या फक्त घड्या आहेत. आणि तिच्यात वाचायला मिळतं! मोठ्या हमरस्त्याची १६० फूट रुंदी कशी वाटायची, हे लांफाँने लिहून ठेवलं आहे: मध्ये गाड्यांसाठी ८० फूट, दोन्ही बाजूंना झाडं लावलेली ३० फुटांची खडीची पायवाट, आणि घरांलगत १०-१० फूट फरसबंदी. पंधरा पिवळे चौक संघातल्या राज्यांना वाटायचे होते. कॅपिटॉलपासून, म्हणजे संसदेच्या इमारतीपासून, पश्चिमेकडे ४०० फूट रुंद, दुतर्फा बागा असलेला रस्ता त्याने आखला. ही प्रत छापली गेली तेव्हा त्याच पट्ट्यात रेल्वे स्टेशन उभं होतं. १९०१-०२मध्ये शहराची नव्याने आखणी सुचवणाऱ्या मॅकमिलन आयोगाने लांफाँच्या कल्पनेकडे परत जायचं ठरवलं, म्हणून आजचा मोकळा ‘मॉल’, म्हणजे कॅपिटॉलसमोरचा हिरवा पट्टा, आहे.

आणखी एक गोष्ट माझ्यासाठी महत्त्वाची होती. फेब्रुवारी १७९२मध्ये लांफाँचं काम सुटलं, आणि एलिकॉटच्या छापील नकाशावर त्याचं नाव आलं नाही. १८२५ साली तो गरिबीत गेला. १९०९मध्ये त्याला आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत पुन्हा दफन केलं, तिथे त्याच्या थडग्याच्या दगडावर हाच आराखडा कोरलेला आहे. १८८७च्या कागदावर मात्र त्याचं नाव शीर्षकात ठळक आहे. मला ते घरात हवं होतं.

अडचणीही सांगतो. कागद सुमारे साडेतीन फूट रुंद आहे; फ्लॅटमध्ये आधी भिंत मोजा, मग पैसे द्या. चौकटीवाल्याने माझ्याकडून अंदाजापेक्षा बरेच जास्त घेतले. आणि कितीही म्हटलं तरी ती मूळ आराखड्यानंतर ९६ वर्षांनी काढलेली नक्कल आहे. ‘त्या काळातलाच कागद’ हा ज्यांचा आग्रह आहे त्यांचं समाधान तिने होणार नाही, आणि त्यांनी बिनरंगाच्या छोट्या प्रतीसाठी थांबावं. नुसतं वाचायचंच असेल तर लायब्ररी ऑफ काँग्रेसची १९९१ची प्रतिकृती पुरेशी आहे.

छोट्याकडेच मन ओढत असेल, तर विकणाऱ्याकडे आधी मागच्या बाजूचा फोटो मागा, उजेडासमोर धरून काढलेला. तो द्यायला टाळाटाळ झाली, तर मी तरी पुढे बोललो नसतो.