स्वतःची गाडी भाड्याने देताना विमा किती उपयोगी पडतो? आठ महिन्यांनंतर

माझी गाडी आठवड्यातले चार दिवस नुसती उभी असायची, म्हणून आठ महिन्यांपूर्वी ती एका गाडी-शेअरिंग ॲपवर लावली. आतापर्यंत एकवीस जणांनी नेली. नोंदणीच्या पानावर ‘प्रत्येक ट्रिपला विमा संरक्षण’ असं ठळक लिहिलं होतं आणि मी त्यावर विसंबलो. ते खोटं नाही. पण सगळी मेख ‘ट्रिप’ या शब्दात आहे, हे कळायला मला पाचवा महिना उजाडला.

एका भाडेकरूने ठरलेल्या वेळेच्या आदल्या रात्रीच गाडी आणून लावली, चावी नंबरच्या कुलपाच्या डबीत टाकली आणि ॲपवर ट्रिप संपवली. सकाळी पाहतो तर मागच्या डाव्या दाराला पोचा आणि त्यात दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा पांढरा रंग. ॲपवाले म्हणाले, ट्रिप रात्रीच संपली, आता आमचा संबंध नाही. माझ्या विमा कंपनीने विचारलं, गाडी तिथे कशासाठी उभी होती? मी खरं ते सांगितलं. क्लेम नामंजूर. खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादेचं कलम असतं आणि भाडं घेऊन गाडी देणं बहुतेक वेळा त्याच्या बाहेर राहतं. पॉलिसी माझ्या कपाटात होती, ते कलम मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. दाराचा खर्च मीच भरला.

दुसरा क्लेम ट्रिप चालू असतानाचा होता आणि तिथे अनुभव चांगला आला. पुढचा बंपर फुटला, चाकाची रिमही खरवडली. बंपर मंजूर झाला, कारण गाडी देण्याआधीचा त्याच कोपऱ्याचा फोटो तारीख-वेळेसह ॲपवर चढवलेला होता. रिमचा नव्हता, म्हणून ते नुकसान जुनं ठरलं. तेव्हापासून मी चारही चाकांपाशी गुडघे टेकून बसतो आणि टॉर्च मारून फोटो काढतो. छत आणि काच उजेडाच्या दिशेने, ओडोमीटर आणि इंधनाचा काटा एकाच फोटोत. गाडी ओली असेल तर आधी कोरडी पुसा, पाण्याखाली ओरखडे दिसतच नाहीत. परत घेताना हेच सगळं पुन्हा, तेही भाडेकरू समोर असताना.

बंपर मंजूर झाला तरी डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधली मालकानेच भरायची ठरलेली रक्कम, माझ्याच खिशातून गेली. मी सुरुवातीला भाड्याचा जास्तीत जास्त वाटा मिळेल तो प्लॅन घेतला होता, त्यामुळे डिडक्टिबलही सगळ्यात मोठं होतं. आता मधला प्लॅन घेतलाय. गाडी गॅरेजमध्ये अकरा दिवस होती, त्या दिवसांचं बुडालेलं भाडं मिळालं नाही. झीज, इंजिनातला बिघाड आणि अपघातानंतर घटलेली विक्रीची किंमत हेही माझ्या प्लॅनमध्ये धरलेलं नाही.

ओरखड्यांपेक्षा मला जास्त धास्ती वाटते ती दुसऱ्या कुणाला इजा झाली तर काय याची. थर्ड पार्टीची मर्यादा किती, आणि नोंदणी न केलेला माणूस गाडी चालवत असेल तर संरक्षण टिकतं का, हे दोन प्रश्न ॲपला लेखी विचारा. मला उत्तर आलं की टिकत नाही. म्हणून चावी देताना मी कोण-कोण चालवणार ते विचारतोच.

कॅलिफोर्नियात २०१० साली यासाठी खास कायदा झाला. भाड्याच्या काळातली जबाबदारी शेअरिंग कंपनीच्या विम्यावर, आणि भाड्याचं वार्षिक उत्पन्न गाडीच्या वार्षिक खर्चापेक्षा जास्त नसेल, तर केवळ गाडी शेअर केली म्हणून मालकाची पॉलिसी रद्द करता येत नाही. असा कायदा जिथे नाही, तिथे आपल्या विमा कंपनीला आधी कळवणं हाच मार्ग. मी उशिरा कळवलं. त्यांनी नकार दिला. मग दुसऱ्या कंपनीकडून ही परवानगी पॉलिसीवरच लिहून घेतली. हप्ता वाढला, पण दोन ट्रिपांच्या मधल्या वेळेलाही आता संरक्षण आहे. गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्याची संमतीही आधीच घ्या.

गाडी अजून ॲपवर आहे. रात्री चावी डबीत टाकून जाण्याची सोय मात्र बंद केलीय. परत करायची तर मी समोर असताना, उजेडात.